स्टेजवर पहिल्यांदा बोलताना: सीमाभागातल्या नवख्यांसाठी

गणपतीच्या चौथ्या-पाचव्या रात्री मंडळाचा कार्यकर्ता दारात येतो आणि म्हणतो, “उद्या बक्षीस समारंभ हाय, दोन शब्द बोला की.” नाही म्हणता येत नाही. मग रात्री अकराला वही उघडते, मोबाईलवर शोधून दोन पानं उतरवली जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच पानं थरथरत्या हातात धरून वाचली जातात. तिसऱ्या ओळीनंतर समोरची माणसं आपापसात बोलू लागतात. वक्त्याला वाटतं, आपल्यात धीरच नाही. धीर कमी असतोही, पण बहुतेक वेळा भाषण कागदासाठी तयार झालेलं असतं आणि ते तोंडात बसत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम नेहमीच्या उलट आहे: आधी तोंड, मग कागद. पाच मिनिटांच्या भाषणाला तीन संध्याकाळी पुरतात. एकच रात्र हातात असली तर सराव कमी करा, क्रम तोच ठेवा.

होकार देताना काय विचारायचं

किती मिनिटं बोलायचं, आपल्या आधी-नंतर कोण आहे आणि समोर कोण बसणार, एवढं विचारून घ्या. ‘दोन शब्द’ म्हणजे तीन ते पाच मिनिटं धरून चाला. सभेत सगळ्यांना समजेल अशा वेगाने मराठी बोललं की मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. सुरुवातीचे नमस्कार आणि मधले थांबे वजा केले तर पाच मिनिटांत चारशेच शब्द बसतात. तीन पानं लिहून नेणाऱ्याची धाप का लागते, ते यावरून कळेल.

आपल्यानंतर भजन, नाटक किंवा जेवण असेल तर पाचाची तीन मिनिटं स्वतःहून करा. आणखी एक गोष्ट: उघड्या जागेतला लाऊडस्पीकर रात्री १० नंतर बंद करावा लागतो, सणासुदीला खास सवलत मिळाली असेल तेवढी सोडून. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की कात्री शेवटच्या वक्त्यांवर चालते. त्यामुळे प्रत्येक भाषणाची दोन मिनिटांची आवृत्तीही मनात तयार असू द्या.

एक वाक्य धरा

मागच्या रांगेत बसलेल्या आजी घरी गेल्यावर सून विचारते, “काय बोलला तो?” आजी जे एक वाक्य सांगतील, तेच तुमचं भाषण. ते आधी ठरवा. ‘शिक्षणाचे महत्त्व’ हे नुसतं मथळ्याचं नाव झालं, त्यातून आजींना काहीच सांगता येणार नाही. समजा, गावात दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका हवी आहे. मग वाक्य असं: “देवळाचं सभागृह रात्री सात ते दहा पोरांना अभ्यासाला उघडं ठेवूया.” यात कुठे, केव्हा, कुणासाठी, सगळं आलं.

त्याच्याखाली तीनच मुद्दे. पोरांना घरी काय अडतं. सभागृहात काय लागेल (चार ट्यूब, सतरंज्या, पाण्याची कळशी आणि किल्ली कुणाकडे). आज लोकांनी काय करायचं (जाताना नाव नोंदवायचं). चौथा मुद्दा सुचला तर तो पुढच्या वर्षी. पाच मिनिटांत चार मुद्दे घातले की एकही नीट उभा राहत नाही.

आधी बोला, मग लिहा

आता वही बाजूला ठेवा. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि शेजारच्या काकांना सांगतोय असं समजून विषय सांगून टाका. अडखळा, परत सांगा, काही बिघडत नाही. मग ऐका. स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटेल. एरवी आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. लोकांना तुमचा आवाज पहिल्यापासून असाच ऐकू येतो, तेव्हा त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

ऐकताना जी वाक्यं सहज आली तेवढीच लिहून घ्या. लिहायला बसलं की हातातून काय उतरतं, बघा:

“आजच्या स्पर्धेच्या युगात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण असून विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी पोषक वातावरण उपलब्ध करून देणे ही काळाची गरज आहे.”

बोलताना हेच असं येतं:

“आपल्या गल्लीत दहावीची पोरं आहेत. घरात खोली एक, तीत टीव्ही. पोरगं पुस्तक घेऊन बसतं कुठे? पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली.”

पहिलं वाक्य अठरा शब्दांचं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत सगळं डोक्यावर वाहून न्यावं लागतं. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, कानाला मागे जाता येत नाही. बारा शब्दांच्या पुढचं वाक्य दिसलं की तोडा. ‘असून’, ‘त्याचबरोबर’, ‘या अनुषंगाने’ हे शब्द दिसले की समजा, तिथे वाक्य तुटायला तयार आहे.

मोघम बोलण्याचंही तसंच. “बेळगावला मोठा ऐतिहासिक वारसा लाभला आहे” हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की कोणी मान वर करत नाही. त्याऐवजी: “१९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्या टिळकवाडीत भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही आहे.” वारसा हा शब्द न काढता वारसा दिसला. पण पाच मिनिटांत असे आकडे दोनच. तिसऱ्या सालापासून लोक मोजणं सोडून देतात.

कागद नको, कार्ड

पातळ कागद हाताची थरथर दहापट करून दाखवतो आणि माईकजवळ फडफडतो. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम. त्यावर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहा. मधल्या तीन मुद्द्यांचे दोन-दोन शब्द. अक्षर एवढं मोठं की कार्ड कमरेपाशी धरूनही वाचता यावं. बाकी काही नाही. सगळं लिहिलंत की डोळे तिथेच अडकतात.

साल आणि संख्या मात्र अक्षरांत लिहा. आपल्याकडे व्यवहारात निम्मे आकडे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात, त्यामुळे स्टेजवर ‘६९’ दिसलं की एकोणसाठ की एकोणसत्तर, इथे जीभ हमखास अडते. १९४६ सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचा उल्लेख करायचा असेल तर कार्डावर ‘एकोणीसशे शेहेचाळीस, माडखोलकर’ असं लिहा. त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते आणि हे आडनावही घाईत ‘मंगेशकर’ होऊन बसतं.

शुद्ध बोलायचं की आपलं?

सीमाभागातल्या नवख्याला खरी भीती इथली असते. घरात “काय करूलालास?” म्हणणारा माणूस माईकसमोर एकदम पुण्याच्या रेडिओवर गेल्यासारखा बोलू लागतो आणि दुसऱ्या मिनिटाला शब्द संपतात. परकी भाषा जुळवत बसल्यावर विचार करायला डोकं उरत नाही, एवढंच त्याचं कारण. यावर आमचा सल्ला सरळ आहे. क्रियापदं प्रमाण मराठीतली ठेवा (करतोय, जातोय, आहे), शब्द मात्र रोजचे वापरा. आणि कुणाचं बोलणं सांगताना, शेतातल्या मामांचं किंवा बाजारातल्या बाईंचं, ते जसंच्या तसं बेळगावी ढंगात सांगा. सगळं भाषण तशा भाषेत केलं तर काहींना ती नक्कल वाटते. एकदाच वापरलं तर सभा हसते आणि तुमची होते.

वक्तृत्व स्पर्धेत थोडं वेगळं. तिथे परीक्षकांच्या तक्त्यात बहुतेकदा विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, सादरीकरण आणि वेळ असे रकाने असतात, म्हणून उच्चारांवर आठवडाभर आधीपासून काम करा. कन्नडमध्ये च आणि ज यांचा एकच, तालव्य उच्चार आहे. मराठीत दोन आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, ‘जीवन’मधला ज वेगळा, ‘जग’मधला वेगळा. कन्नड शाळेत शिकलेली मुलं वाचून पाठ करतात तेव्हा ‘चाक’ ‘च्याक’सारखं ऐकू येतं. पाठांतरात असे शब्द अधोरेखित करा आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून एकदा ऐकून घ्या. दुसरी अडचण ‘न’ आणि ‘ण’ची: पाणी, कोण, आपण. ‘ळ’ची काळजी सोडा, आपल्याकडे तो दोन्ही भाषांत पक्का आहे.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या सभेत मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी शेजारी बसलेले असतात. तिथे सुरुवातीला “एल्लरिगू नमस्कार” एवढं म्हटलं तरी पुरतं. पण ते आधी कन्नड येणाऱ्या मित्राला म्हणून दाखवा, कारण चुकीच्या हेलात म्हटलेला नमस्कार चेष्टेसारखा लागतो. दर वाक्याचं भाषांतर करत बसू नका, वेळ दुप्पट लागतो आणि दोन्हीकडचे कंटाळतात. मुख्य वाक्य तेवढं दोन्ही भाषांत सांगा.

नावांची यादी

“आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर उपस्थित…” एका नावाला पाच-सहा सेकंद लागतात. दहा नावं म्हणजे मिनिट गेलं, तेही सभा सगळ्यांत ताजी असताना. सूत्रसंचालकाने ही नावं आधीच घेतलेली असतात. अध्यक्षांचं आणि पाहुण्यांचं नाव घ्या, बाकी “व्यासपीठावरचे सगळे मान्यवर आणि माझ्या गावकऱ्यांनो”. कुणाला राग येईल अशी भीती असेल (आणि येतो, हे खरं आहे) तर कुणाला वगळून चालणार नाही, हे आयोजकांना आधीच विचारा.

सराव किती

तीन दिवसांत मिळून पाच-सहा वेळा, उभं राहून आणि मोठ्याने. मनातल्या मनात केलेल्या सरावाला सराव म्हणू नका, त्यात जीभ अडते कुठे ते कळत नाही. पहिल्या दोन वेळा वेळ लावा. तिसऱ्यांदा रेकॉर्ड करून ‘म्हणजे’, ‘काय की’, ‘तर असं’ किती वेळा आलं ते मोजा. हे शब्द काढायला जोर लावायची गरज नाही. त्या जागी तोंड मिटून एक श्वास घ्यायचा, बस. तुम्हाला तो थांबा मोठा वाटतो, ऐकणाऱ्याला तो विचार केल्यासारखा दिसतो. एकदा तरी घरच्या कुणाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून बोला आणि विचारा, “मी काय सांगितलं?” उत्तरात तुमचं मुख्य वाक्य आलं नाही तर भाषण दुरुस्त करा, आवाज वाढवू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य एवढंच तोंडपाठ करा. पूर्ण भाषण पाठ केलं तर एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी निसटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं मधेच गप्प होतात ती यामुळेच.

माईक

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी जा आणि साउंडवाल्याशी ओळख करून घ्या. आयत्या वेळी तोच तुम्हाला वाचवणार आहे. माईक तपासताना त्यावर फुंकर मारू नका, टिचक्याही नकोत. तुमचं पहिलं वाक्य बोला, म्हणजे त्याला आवाज बसवता येतो.

माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या उंचीला, थोडा तिरका. अगदी तोंडासमोर धरला तर प, फ, भ या अक्षरांना हवेचा झोत थेट जाळीवर आदळतो आणि ‘भप्’ असा धक्का ऐकू येतो. हनुवटीपाशी धरला की झोत वरून निघून जातो. जाळीवर मूठ आवळू नका. मागून येणारा आवाज कमी घेण्यासाठी जाळीखाली जागा ठेवलेली असते. ती झाकली की माईक चहूकडचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. शिट्टी म्हणजे बॉक्समधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरणं. म्हणून बॉक्सच्या पुढे जाऊ नका, माईक बॉक्सकडे वळवू नका. शिट्टी आली तर माईक तोंडाजवळ घ्या आणि साउंडवाल्याकडे बघून हात खाली करा. माईक लांब धरून ओरडणारा स्वतःच शिट्टीला बोलावतो, कारण मग आवाज वाढवावा लागतो.

मैदानावर आणखी एक घोळ होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोर पन्नास मीटरवर शाळेची भिंत असेल तर तुमचा शब्द तिथे आदळून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने परत येतो, दूरच्या खांबावरचे भोंगे त्यात भर घालतात. स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला की नवखा बिचकतो आणि वेग वाढवतो, मग शब्दांवर शब्द चढतात. अशा जागी वाक्य संपलं की मनात ‘एक-दोन’ म्हणा आणि मगच पुढचं बोला.

पत्र्याच्या मांडवाखाली पाऊस आला, आणि खानापूरकडे गणपतीत तो येतोच, तर पावसाशी स्पर्धा करू नका. थांबा, हसा, सर कमी झाली की वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घ्या. नाही थांबली तर दोन मिनिटांची आवृत्ती म्हणून मोकळे व्हा. लाईट गेली तर माईक खाली ठेवा, स्टेजच्या कडेला या, मागच्यांना पुढे बोलवा आणि शेवटच्या रांगेतल्या एका माणसाला सांगतोय असं बोला.

पहिलं मिनिट

छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, गुडघे हलतात. अंगात ॲड्रेनालिन सुटल्याची ही लक्षणं, आणि ती सराईतांनाही होतात. जोर सगळ्यांत जास्त असतो तो नाव पुकारण्याआधी आणि पहिल्या मिनिटभरात. नंतर तो आपोआप उतरतो. तेवढा वेळ निभावायचा आहे. खुर्चीत बसूनच चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. मिनिटही लागत नाही. श्वास बाहेर सोडण्याचा वेळ लांबला की धडधड कमी होते.

आधी कोमट पाणी प्या. कुंदा, पेढा कार्यक्रमानंतर: दुधाच्या गोडाने घशात चिकटा येतो आणि खाकरावं लागतं. पोट रिकामंही नको, भाकरी-भाजी तासभर आधी खाल्लेली चांगली.

नाव पुकारलं की चालत जा, धावू नका. पाय खांद्याएवढे लांब ठेवून उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार. डावीकडे, मध्ये, उजवीकडे प्रत्येकी एक ओळखीचा चेहरा शोधा आणि एक श्वास घेऊन पहिलं पाठ वाक्य म्हणा. ‘मला बोलता येत नाही, चुकलं तर माफ करा’ ही सुरुवात करू नका. कुणाच्या लक्षात न येणारी चूक लोक त्यानंतर शोधत बसतात. पुढे दर वाक्याला एका चेहऱ्याकडे बघा, वाक्य संपलं की दुसरीकडे.

मध्येच आठवेना झालं तर आधीचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, तेवढ्यात कार्डावर नजर जाते. तरीही नाही सुचलं तर सरळ पुढचा मुद्दा घ्या. काय वगळलं ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी दिली तर ‘फक्त एकच मिनिट’ म्हणू नका, शेवटचं वाक्य म्हणा आणि उतरा.

दोन वेगळे प्रसंग

ग्रामसभेत भाषण नको, मागणी हवी. दोन मिनिटं: कुठली गल्ली, काय अडलंय, केव्हापासून, काय हवं. मराठीत बोललात तरी कामकाज कन्नडमध्ये लिहिलं जातं. म्हणून मागणी कन्नडमध्ये लिहून घेऊन पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) हातात द्या, पोच घ्या आणि ती ठरावात नोंदवायला सभेतच सांगा. आवाज चढला की मुद्दा बाजूला पडतो आणि भांडणच लोकांच्या लक्षात राहतं.

शोकसभेत तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ आधीच्या चौघांनी म्हटलेली असते. गेलेल्या माणसाची एक साधी, स्वतः पाहिलेली सवय सांगा: सोसायटीच्या सभेला ते चप्पल कुठे काढायचे, चहा कुणाला आधी द्यायचे. कंठ दाटला तर थांबा, पाणी प्या. कुणीही घाई करणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर कार्ड फेकू नका. घरी जाऊन मागच्या बाजूला तारीख, प्रत्यक्ष लागलेली मिनिटं, कुठे अडलं आणि लोक कुठल्या वाक्याला हसले किंवा गप्प झाले, एवढं लिहा. पुढच्या वर्षी तोच कार्यकर्ता दारात येईल तेव्हा आधी हे कार्ड काढा आणि मगच वही.